आपले अत्तर, दुसऱ्याचे अत्तर

सुगंधाची खरी जाण सुगंध तयार करणाऱ्यालाच असते, असे आपण मानतो. पण तोच कारागीर दुसऱ्याच्या बाटलीबद्दल मत देऊ लागला, तर त्याच्या शब्दावर कितपत विसंबावे? त्याच्या ज्ञानाचा लाभ घ्यावा आणि त्याच्या स्वार्थापासून सावधही राहावे, असा काही मार्ग आहे का?

रायपूरहून बिलासपूरच्या रस्त्याला लागले की भनपुरी येते. कारखाने, गोदामे, मालाच्या ट्रकच्या रांगा आणि पाळी सुटल्यावर उसळणारी गर्दी, असे या भागाचे रूप. येथल्या एखाद्या मराठी घरात मुलीचे लग्न ठरले आहे, अशी कल्पना करा. व्याही नागपूरचे. मंडपाच्या दाराशी पाहुण्यांवर गुलाबपाणी शिंपडायचे, मनगटाला अत्तर लावायचे, ही रीत मुलीच्या आईला मोडायची नाही. मुंबईच्या नणंदेने एका नामांकित कंपनीच्या अत्तराची बाटली पाठवली आहे. ती पिशवीत घालून आई गोलबाजारात जाते आणि अत्तराच्या दुकानात पुढे करते. ‘भैया, हे कसं आहे ते जरा सांगा. चांगलं असेल तर असंच आणखी मागवीन म्हणते.’

दुकानदार स्वतः अत्तरे तयार करून विकणारा. तो बूच काढतो, हुंगतो, क्षणभर डोळे मिटतो आणि मान हलवतो. ‘भाभीजी, यात दम नाही. दोन तासांत उडून जाईल. त्यापेक्षा आमचा हिना घ्या. मी स्वतः बनवला आहे.’

आई हिना घेऊन घरी येते. पण वाटेतच मनात शंकेची पाल चुकचुकते. त्याने अत्तराची पारख केली, की आपला माल खपवला?

दुकानदार खोटेच बोलला असे म्हणता येणार नाही. कदाचित ते अत्तर खरोखरच हलके असेल. अडचण वेगळीच आहे. तो खरे बोलला की खोटे, हे ओळखण्याचे साधन आईजवळ नाही आणि त्याच्या ‘नाही’मध्ये त्याचा फायदा आहे. मत देणाऱ्याचे कर्तव्य एका बाजूला ओढते आणि त्याचा लाभ दुसऱ्या बाजूला, तेव्हा त्या अवस्थेला हितसंबंधांचा संघर्ष म्हणतात. आपल्या आज्या हेच एका वाक्यात सांगत असत : आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं!

जाणकार तोच, व्यापारीही तोच

मग सुगंध तयार करणाऱ्याने दुसऱ्याच्या सुगंधाबद्दल तोंडच उघडू नये का? तसे म्हटले, तर नुकसान ग्राहकाचेच होईल. कारण या धंद्यातल्या खाचाखोचा बाहेरच्या माणसाला सहसा ठाऊक नसतात.

उत्तर प्रदेशातल्या कनौजचे उदाहरण घ्या. तेथे आजही जुन्या पद्धतीने अत्तर काढतात. तांब्याच्या मोठ्या भांड्यात, म्हणजे डेगमध्ये, फुले आणि पाणी घालून झाकण मातीने लिंपतात. खाली मंद जाळ असतो. वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात उतरते. भपक्यात चंदनाचे तेल असते आणि ते फुलांचा सुवास धरून ठेवते. पुढे चंदन महागले, तसा त्याच्या जागी गंधहीन आणि स्वस्त अशा द्रवांचा वापर वाढला. बाटलीकडे पाहून हा फरक कळत नाही. तो सांगू शकतो तो त्या धंद्यातलाच माणूस. गुलाबाच्या अत्तरात गुलाब किती आणि कारखान्यात तयार झालेली रसायने किती, याचा अंदाजही सरावलेल्या नाकालाच येतो.

सुगंध कसा उलगडतो, हेही कारागिराला अधिक समजते. अंगाला लावताच जो वास येतो, तो पहिल्या काही मिनिटांचा पाहुणा. लिंबू-संत्र्यासारखे हलके वास आधी उडून जातात. मग फुलांचे आणि मसाल्यांचे वास पुढे येतात आणि काही तास टिकतात. चंदन, वाळा, कस्तुरीच्या धर्तीची द्रव्ये शेवटपर्यंत रेंगाळतात. दुकानात उभ्या उभ्या हुंगून घेतलेला निर्णय म्हणजे पहिला अंक पाहून नाटकाचे परीक्षण करण्यासारखेच.

म्हणूनच जगातल्या काही उत्तम सुगंधकारांनी सुगंधावर लिहिले, तेव्हा ते आदराने वाचले गेले. फ्रान्सचे एदमों रुदनित्स्का हे त्यांतले मोठे नाव. डिओर कंपनीसाठी त्यांनी १९५६ मध्ये ‘डिओरिसिमो’ आणि १९६६ मध्ये ‘ओ सोव्हाज’ हे सुगंध घडवले. सुगंधनिर्मिती ही संगीत-चित्रकलेसारखीच कला आहे, अशी मांडणी त्यांनी आपल्या पुस्तकांतून केली. हे लिहिताना ते स्वतः सुगंध तयार करणारे होते आणि वाचकाला ते माहीत होते. ते पटणे-न पटणे वाचकाच्या हाती राहिले.

बाटलीवर नाव एकाचे, सुगंध दुसऱ्याचा

पण सुगंधाच्या धंद्यात असे उघड नाते नेहमी दिसत नाही. साबण, पावडर, केसांचे तेल, उदबत्ती किंवा महागडा परफ्युम, यांच्या वेष्टनावर ज्या कंपनीचे नाव असते तिनेच तो सुगंध तयार केलेला असतो असे नाही. बहुतेक वेळा तो सुगंधद्रव्ये बनवणाऱ्या दुसऱ्याच कंपनीकडून घेतलेला असतो आणि तिचे नाव ग्राहकापर्यंत पोहोचत नाही. जगात या व्यवसायाचा मोठा वाटा जिव्हॉदाँ, डीएसएम-फर्मेनिक, आयएफएफ आणि सिमराइज या चार कंपन्यांकडे आहे. एकमेकींशी स्पर्धा करणारे अनेक ब्रँड यांच्याकडूनच सुगंध घेतात.

मराठी माणसाला अभिमान वाटावा असे नावही या व्यवसायात आहे. १९२२ मध्ये मुंबईत सुरू झालेली एस. एच. केळकर आणि कंपनी आज ‘केवा’ या नावाने ओळखली जाते. साबणापासून खाद्यपदार्थांपर्यंत अनेक वस्तूंसाठी सुगंध आणि स्वाद पुरवणाऱ्या देशातल्या जुन्या कंपन्यांपैकी ती एक. २०१५ मध्ये तिचे समभाग शेअर बाजारात आले. केळकर एज्युकेशन ट्रस्टच्या मुलुंड येथील वझे महाविद्यालयात सुगंध आणि सौंदर्यप्रसाधने या विषयाचा पदव्युत्तर अभ्यासक्रमही चालवला गेला.

आता विचार करा. अशा व्यवसायात नोकरी करणारा एखादा सुगंधकार बाजारातल्या पाच साबणांच्या वासाबद्दल मत देतो. त्यांपैकी एकाचा सुगंध त्याच्या शेजारच्या टेबलावर तयार झालेला असू शकतो. दुसरा ज्या कंपनीचा आहे, ती उद्या त्याची गिऱ्हाईक होणार असेल. तिसरा त्याच्या प्रतिस्पर्ध्याचा असेल. हे त्याने सांगितले नाही, तर वाचकाला कधीच कळणार नाही. अत्तराच्या दुकानदाराचा स्वार्थ निदान दुकानाच्या पाटीवर लिहिलेला असतो. येथे पाटीच नसते!

परीक्षकही आणि उत्पादकही

सुगंधांच्या परीक्षणाच्या जगात हा प्रश्न प्रत्यक्ष उभा राहिलेला आहे. ल्यूका ट्यूरिन हे जीवभौतिकशास्त्रज्ञ. १९९२ मध्ये त्यांनी फ्रेंचमध्ये परफ्युमची मार्गदर्शिका लिहिली. त्यांच्या धारदार आणि विनोदी शैलीमुळे सुगंधाचे परीक्षण हा वाचनीय प्रकार होऊ शकतो, हे लोकांना कळले. नाकाला वास कसा कळतो याविषयी १९९६ मध्ये त्यांनी मांडलेला कंपनांचा सिद्धान्त बराच वादग्रस्त ठरला. पुढे २००१ मध्ये स्थापन झालेल्या फ्लेक्सिट्रल या कंपनीत ते नवे सुगंधी रेणू घडवण्याचे काम पाहू लागले. याच काळात त्यांचे सुगंधविषयक सदर स्वित्झर्लंडमधल्या एका मासिकात येत होते. २००८ मध्ये तान्या सांचेझ यांच्यासह त्यांनी इंग्रजीत मोठी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तिच्यात हजाराहून अधिक सुगंधांना एक ते पाच तारे दिलेले आहेत.

म्हणजे एका हाताने सुगंधाचा कच्चा माल तयार करायचा आणि दुसऱ्या हाताने तो माल विकत घेऊ शकणाऱ्या कंपन्यांच्या सुगंधांना गुण द्यायचे. ट्यूरिन यांनी यात पक्षपात केला, असा निष्कर्ष काढण्याचे कारण नाही. मोठमोठ्या घराण्यांवरही त्यांनी सडकून टीका केली. त्यांचा उद्योगही लपलेला नव्हता. तरीही प्रश्न उरतोच आणि तो एका माणसापुरता नाही. परीक्षक कितीही प्रामाणिक असला, तरी त्याचे प्रामाणिकपण वाचकाला तपासता येत नाही. त्याला तपासता येते ते फक्त नाते.

अमेरिकेत चँडलर बर यांनी २००६ ते २०१० या काळात ‘न्यूयॉर्क टाइम्स’साठी सुगंधांची परीक्षणे लिहिली. नंतर ते न्यूयॉर्कमधल्या एका कलासंग्रहालयात गेले आणि २०१२ मध्ये त्यांनी तेथे सुगंधकलेचे प्रदर्शन भरवले. त्याला सुगंधाच्या व्यवसायातल्या कंपन्यांचे अर्थसाहाय्य होते. येथे पुन्हा तोच पेच. ज्यांच्या कलेची पारख करायची, त्यांच्याच पैशावर प्रदर्शन उभे राहते. पण याच बर यांनी एक चांगला प्रयोगही केला. नाव नसलेल्या साध्या बाटल्यांत सुगंध विकायचा आणि तो कोणाचा, हे काही दिवसांनी जाहीर करायचे. घेणाऱ्याने नावावर न भाळता नाकावर विश्वास ठेवावा, हा त्यामागचा हेतू.

नाकालाही नाव कळते

नाव झाकण्याला इतके महत्त्व का? कारण वास आपण केवळ नाकाने घेत नाही. २००१ मध्ये रेचल हर्झ आणि युलिया फॉन क्लेफ या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. माणसांना एकच वास दोनदा दिला. एकदा सांगितले की हा पार्मेझान नावाच्या चीजचा वास आहे. दुसऱ्यांदा सांगितले की ही उलटी आहे. वास तोच, पण चीज म्हटल्यावर तो बरा वाटला आणि उलटी म्हटल्यावर किळस आली.

सामान्य माणसाची ही गत, तर ज्याचे घर सुगंधावर चालते त्याची काय होईल? प्रतिस्पर्ध्याच्या बाटलीवरचे नाव वाचताच त्याच्या मनात जुने हेवेदावे, गमावलेली गिऱ्हाइके, अपुरी राहिलेली स्वप्ने जागी होणार. तो मुद्दाम खोटे बोलेल असे नाही. त्याला ते अत्तर खरोखरच भिकार वाटेल! हितसंबंधाचा सर्वांत मोठा धोका हाच, की ज्याला तो असतो त्याला तो दिसत नाही.

याच्या उलट प्रकारही होतो. उंटाच्या लग्नात गाढवाने गाणे म्हटल्याची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. गाढव उंटाच्या रूपाची तारीफ करते आणि उंट गाढवाच्या गळ्याची. दोन छोटे उत्पादक एकमेकांच्या सुगंधांना डोक्यावर घेऊ लागले, की ग्राहकाची तीच फसगत होते. फरक इतकाच, की निंदेपेक्षा स्तुती कानाला गोड लागते आणि म्हणून तिचा संशय येत नाही.

कंपन्यांच्या आतली शहाणी रीत

गमतीची गोष्ट अशी, की सुगंधाच्या मोठ्या कंपन्यांना ही मानवी दुर्बलता चांगली ठाऊक आहे. तेथे सुगंध घडवणारा एक असतो आणि त्याचे मूल्यमापन करणारा दुसरा. या दुसऱ्याला इव्हॅल्युएटर म्हणतात. गिऱ्हाइकाने काय मागितले होते, बाजारात काय चालते, सुगंध साबणात घातल्यावर बदलतो का, हे तो पाहतो आणि सुगंधकाराला स्पष्ट सांगतो. पुढे सामान्य ग्राहकांकडून चाचणी घेतात, तेव्हा नमुन्यांवर नाव नसते, तीन आकडी क्रमांक असतो. कधी तीन नमुने ठेवतात. त्यांतले दोन सारखे आणि एक वेगळा. वेगळा कोणता हे ओळखता आले, तरच पुढच्या मताला अर्थ!

सुरक्षिततेच्या बाबतीतही असाच विचार झालेला दिसतो. सुगंधी द्रव्यांचा त्वचेवर आणि शरीरावर काय परिणाम होतो, हे अभ्यासण्यासाठी या उद्योगानेच १९६६ मध्ये अमेरिकेत एक संशोधन संस्था काढली. पैसा उद्योगाचा. पण द्रव्य सुरक्षित आहे की नाही हे तपासणाऱ्या तज्ज्ञमंडळात उद्योगाशी व्यावसायिक संबंध नसलेले त्वचारोगतज्ज्ञ आणि विषशास्त्रज्ञ असावेत, असे ठरवले गेले. एवढे करूनही सरकारे आपली तपासणी वेगळी करतातच. साबण-परफ्युममध्ये वर्षानुवर्षे वापरले गेलेले लिलियल हे द्रव्य युरोपीय संघाने मार्च २०२२ पासून सौंदर्यप्रसाधनांत बंद केले.

घडवणारा आणि जोखणारा वेगळा असावा, हे ज्यांना आपल्या कारखान्याच्या चार भिंतींत पटते, त्यांनी बाजारात दुसऱ्याचा माल जोखताना ते विसरावे, हे कसे चालेल?

कायदा काय म्हणतो?

आपल्याकडे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी उत्पादकाला किंवा तिची भलामण करणाऱ्याला दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पुन्हा तोच गुन्हा घडला तर पन्नास लाखांपर्यंत. जून २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मार्गदर्शक तत्त्वे काढली. भलामण करणाऱ्याचे उत्पादकाशी असे काही नाते असेल, की ज्यामुळे त्याच्या शब्दाचे वजन बदलते आणि ते नाते लोकांना सहज कळण्यासारखे नाही, तर ते उघड सांगितलेच पाहिजे, असे ती बजावतात. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये भारतीय मानक ब्युरोने ग्राहकांच्या ऑनलाइन अभिप्रायांसाठी मानक जाहीर केले. विकत घेतलेले किंवा पगारी माणसांकडून लिहवून घेतलेले अभिप्राय छापू नयेत, असा त्याचा रोख आहे.

युरोपात आणखी एक निकाल गाजला. नामांकित परफ्युमसारखा वास असलेले स्वस्त सुगंध विकणाऱ्यांनी ‘आमचा हा सुगंध त्या अमुक परफ्युमसारखा’ अशा तुलनेच्या याद्या वापरल्या होत्या. २००९ मध्ये युरोपीय न्यायालयाने अशा याद्यांच्या विरोधात कौल दिला. दुसऱ्याच्या सुगंधाबद्दल बोलता बोलता त्याच्या नावावर आपला माल विकणे, हाही हितसंबंधाचाच एक प्रकार.

परंतु कायद्याची नजर मुख्यतः जाहिरातीवर आणि स्तुतीवर असते. जाहिरातीत प्रतिस्पर्ध्याच्या मालाची बदनामी झाली, तर न्यायालयात दाद मागता येते. पण दुकानाच्या फळीपलीकडून सहज हललेली मान कोणत्या कायद्यात बसणार? घरातल्या घरात अत्तर, साबण किंवा उदबत्ती करून चार पैसे मिळवणाऱ्या एखाद्या बाईचा धंदा अशा एका नकारार्थी मानेने बसू शकतो. तिच्याजवळ ना जाहिरातीला पैसा, ना वकिलाला. म्हणून ज्याच्या शब्दाला बाजारात वजन आहे, त्याची जबाबदारीही तितकीच मोठी.

कारागिराने काय करावे, ग्राहकाने काय करावे?

सुगंध करणाऱ्याने दुसऱ्याच्या सुगंधावर बोलावे, पण आधी स्वतःविषयी बोलावे. ‘मी स्वतः अत्तर करतो आणि ही बाटली माझ्या स्पर्धकाची आहे’ एवढे एक वाक्य पुरे. ज्या प्रकारचा सुगंध तो स्वतः विकतो, त्याच प्रकारच्या दुसऱ्याच्या सुगंधाला त्याने गुण देऊ नयेत. फुकट मिळालेली बाटली फुकट मिळाली म्हणून सांगावे. ‘आवडले नाही’ असे म्हणण्याऐवजी काय कमी आहे, ते सांगावे. ‘वाईट आहे’ हे मत झाले. ‘चार तासांनी वास राहत नाही’ ही मात्र कोणालाही पडताळून पाहता येणारी गोष्ट झाली.

ग्राहकानेही मत ऐकताना हाच भेद करावा. जाणकाराकडून माहिती घ्यावी, निर्णय उसना घेऊ नये. सुगंध घेण्याआधी जाड कागदाच्या पट्ट्यांवर थेंब टाकून त्या घरी आणाव्यात. एका वेळी तीन-चारांहून अधिक वास घेऊ नयेत, कारण नाक थकते. मध्ये थोडा वेळ मोकळ्या हवेत जावे. पाच मिनिटांनी, दोन तासांनी आणि रात्री निजताना, असा तीनदा वास घ्यावा. नंतर आवडलेला थेंबभर हाताच्या आतल्या बाजूला लावून दुसऱ्या दिवशीपर्यंत पाहावे. खाज किंवा लाली आली, तर तो कितीही नामांकित असो, दूर ठेवावा.

भनपुरीच्या त्या घरातल्या आईलाही हे सहज जमण्यासारखे आहे. नणंदेने पाठवलेले अत्तर आणि दुकानातला हिना, दोन्ही सारख्या रिकाम्या बाटल्यांत थोडे थोडे काढायचे. एकीवर १ आणि दुसरीवर २ लिहायचे. कोणत्या आकड्यात काय आहे, ते फक्त धाकट्या मुलाने जाणायचे. मग सासूबाईंपासून शेजारणीपर्यंत सर्वांनी हुंगायचे आणि संध्याकाळी पुन्हा एकदा. त्यात हिना जिंकला, तर दुकानदार खरा पारखी. मग त्याच्याकडूनच आणखी घ्यावा आणि तसे त्याला मोकळेपणाने सांगावेही. मुंबईचे अत्तर जिंकले, तरी त्याच्यावर रागावण्याचे कारण नाही. आपल्या घागरीतले पाणी त्याला गोड लागले, इतकेच.